जर्मन कोकोसमाक्रोनन: घरी कसे करायचे, आणि विकण्याआधी कशाचा हिशोब करायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण नारळाचे जर्मन मॅकरून केले. व्हिडिओ बारा मिनिटांचा, त्यामुळे कृती बसली, पण हिशोब राहिला. आणि एक गोष्ट मी कॅमेऱ्यासमोर मुद्दाम सांगितली नाही, कारण ती माझ्या चुकीची आहे आणि ती नीट लिहून सांगायची होती. म्हणून हा लेख.

ज्यांना फक्त घरी करून खायचेत त्यांनी कृतीपर्यंत वाचलं तरी चालेल. ज्यांना डिसेंबरमध्ये ऑर्डर घ्यायच्या आहेत त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा. हातात वही-पेन असू द्या.

आधी नाव समजून घेऊ

"मॅकरून" म्हटलं की गोंधळ होतो. रंगीत, गोल, मध्ये क्रीम भरलेलं फ्रेंच बिस्किट असतं, ते बदामाच्या पावडरीचं; त्याचा उच्चार "माकारों" असा करतात. आपल्याकडे तमिळनाडूत तुतुकुडीचे मॅकरून प्रसिद्ध आहेत, ते काजूचे. आपण बोलतोय ते जर्मनीतले "कोकोसमाक्रोनन". कोकोस म्हणजे नारळ. किसलेलं सुकं खोबरं, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग, एवढ्यावर उभा असलेला पदार्थ. मैदा नाही, लोणी नाही, बेकिंग पावडर नाही. वरून किंचित कुरकुरीत, आत ओलसर आणि चिवट. आत भुसभुशीत कोरडा निघाला तर समजा जास्त भाजला गेला.

माझी मावसबहीण श्टुटगार्टला राहते. मी हा पदार्थ तिच्याकडून शिकले आणि ती शिकली तिच्या शेजारच्या आजींकडून. जर्मनीत नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंटचा काळ. त्या दिवसांत घरोघरी छोटी बिस्किटं भाजायचं काम चालतं. या बिस्किटांना एकत्रित नाव "प्लेट्सशन", बहिणीच्या भागात म्हणतात "गुट्सले". एकच प्रकार कोणी करत नाही. पाच-सहा प्रकार करायचे, पत्र्याच्या डब्यांत भरायचे, शेजारी द्यायचे, आल्या-गेल्यापुढे ठेवायचे. आपला दिवाळीचा फराळ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र कळेल.

हा पदार्थ मुळात उरलेल्या पांढऱ्याचा

बहिणीने मला पहिल्यांदा कृती सांगितली तेव्हा मी विचारलं, "मग पिवळ्याचं काय करायचं?" ती हसली. म्हणाली, "अगं, उलटं आहे. पिवळं आधीच वापरून झालेलं असतं."

नीट बघा. लोण्याची जी बिस्किटं साच्याने कापून करतात, त्यांच्या पिठात बऱ्याच घरांत अंड्याचं फक्त पिवळं घालतात. त्याने बिस्किट खुसखुशीत होतं. भाजायच्या आधी वरून चकाकीसाठी लावतात तेही पिवळंच. अशी दोन-तीन बिस्किटं झाली की फ्रीजमध्ये वाटीभर पांढरं साठतं. मग त्याचं काय करायचं? एक तर "त्सिम्टश्टेर्ने" म्हणजे बदाम-दालचिनीच्या चांदण्या, नाहीतर कोकोसमाक्रोनन. दोन्हीला पांढरंच लागतं.

म्हणजे ज्या घरात पाच प्रकार होतात, तिथे अंड्याचा एकही भाग वाया जात नाही. आता तुम्ही उद्योजकाच्या नजरेने विचार करा. तुम्ही फक्त माक्रोनन विकायला घेतले, तर तुमच्याकडे काय उरणार? पिवळं! इथे माझी पहिली फजिती झाली. ती पुढे सांगते, आधी कृती.

साहित्य (साधारण 36 ते 38 नग)

- अंड्याचा पांढरा भाग: 120 ग्रॅम
- बारीक साखर: 200 ग्रॅम
- डेसिकेटेड कोकोनट: 200 ग्रॅम
- लिंबाचा रस: 1 टीस्पून
- मीठ: चिमूटभर
- व्हॅनिला: अर्धा टीस्पून

"चार अंडी" असं न लिहिता मी 120 ग्रॅम लिहिलंय, त्याला कारण आहे. जर्मनीत मध्यम अंडं म्हणजे 53 ते 63 ग्रॅम, असं साईजचं गणित ठरलेलं आहे. आपल्याकडे ट्रेमधलं एक अंडं मोठं, एक छोटं. चारची कधी पाच अंडी लागतात. वजनकाटा नसेल तर आधी काटा घ्या, ओव्हन नंतर.

खोबरं कोणतं घ्यायचं?

माझं सावंतवाडीत केक मटेरियलचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न मला रोज येतो. "ताई, आमच्या दारात माड आहेत, ओला नारळ खवून घातला तर?" नाही चालत. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. डेसिकेटेडमध्ये अगदी नावापुरतं, साधारण 3 टक्के. या कृतीत अंड्याचं पाणी शोषून घ्यायचं काम खोबऱ्याचं आहे. ते आधीच ओलं असेल तर गोळा ट्रेवर पसरून पापड होतो.

दुसरं, बाजारात दूध काढून घेतलेल्या खोबऱ्याचा चुराही मिळतो. "लो फॅट" लिहिलेलं असतं, स्वस्त असतो. त्याने माक्रोनन भुशासारखे लागतात. पूर्ण स्निग्धांशाचंच घ्या. आणि पाकीट फोडल्यावर आधी वास घ्या. खवट वास थोडासाही आला तरी ते वापरू नका. भाजल्यावर खवटपणा जात नाही, उलट जास्त जाणवतो.

कृती: दोन पद्धती आहेत

पहिली घरगुती. पांढरा भाग मीठ आणि लिंबाचा रस घालून फेटायचा, साखर थोडी थोडी घालत घट्ट, चकचकीत फेस करायचा. जर्मन भाषेत या फेसाला "आयश्ने" म्हणतात, म्हणजे अंड्याचा बर्फ. त्यात व्हॅनिला आणि खोबरं हलक्या हाताने मिसळायचं. भांडं तेलकट असेल किंवा पिवळ्याचा एक थेंबही पडला असेल, तर फेस नीट धरत नाही.

ही पद्धत छान आहे, पण आपल्याकडच्या दमट हवेत आणि मोठ्या ऑर्डरला दगा देते. खोबऱ्यात तेल असतं, आणि तेल म्हणजे फेसाचा शत्रू. पहिला ट्रे सुंदर येतो, तिसऱ्या ट्रेपर्यंत मिश्रण बसलेलं असतं.

म्हणून विक्रीसाठी दुसरी पद्धत वापरा. बेकरीवाले मिश्रण आधी गरम करून घेतात:

1. पांढरा भाग, साखर, मीठ, लिंबाचा रस आणि खोबरं जाड बुडाच्या भांड्यात एकत्र करा. फेटायचं नाही, फक्त कालवायचं.
2. अगदी मंद आचेवर ठेवा आणि सतत ढवळत राहा. हात थांबला तर तळाला अंडं शिजून गुठळ्या होतात. आच आवरत नसेल तर गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवा.
3. आठ-दहा मिनिटांत मिश्रण चकाकायला लागतं, घट्ट होतं, तळ सोडतं. थर्मामीटर असेल तर 70 अंशांच्या आसपास थांबा.
4. उतरवून व्हॅनिला घाला. कोमट होईपर्यंत 15 मिनिटं ठेवा. या वेळात खोबरं फुगतं, म्हणून ही पायरी गाळू नका.
5. दोन छोट्या चमच्यांनी ट्रेवर ढीग घाला. जर्मन घरांत असंच करतात, आकार जरा खडबडीत असतो. विकायचे असतील तर प्रत्येक ढीग 13 ग्रॅमचा तोला. नाहीतर एकाच ट्रेमध्ये काही करपतील, काही कच्चे राहतील.
6. ओटीजी आधी तापवा. वर-खाली दोन्ही कॉइल, 150 अंश, मधला खण, 15 ते 18 मिनिटं. पंख्याचा ओव्हन असेल तर 140.
7. टोकं सोनेरी झाली आणि पोटाकडचा भाग अजून फिकट आहे, तेव्हाच बाहेर काढा. गरम असताना मऊ लागतात, ते बरोबर आहे. ट्रेवरच थंड होऊ द्या.

जर्मनीत बऱ्याच घरांत माक्रोननखाली "ओब्लाटेन" ठेवतात. पातळ, गोल, खाता येणारी चकती, त्यावरच ढीग घालून भाजायचं. न्युर्नबर्गचे प्रसिद्ध लेबकुखन भाजतानाही हीच चकती वापरतात. त्यामुळे माक्रोनन ट्रेला चिकटत नाहीत. आपल्याकडे केकच्या सजावटीचा वेफर पेपर मिळतो, मी तो कापून बघितला, पण तो ओलाव्याने आकसला. मी बेकिंग पेपरच वापरते. साधा बटर पेपर घेऊ नका, तो खाली चिकटून राहतो आणि मग एकेक नग नखाने सोलत बसावं लागतं.

थंड झाल्यावर तळ वितळलेल्या डार्क चॉकलेटमध्ये बुडवला तर फार छान लागतं, तिकडेही करतात. पण गोडवा आधीच भरपूर आहे, त्यामुळे मिल्क चॉकलेट नको.

टिकतात किती दिवस?

जर्मनीत डिसेंबरची थंडी असते. पत्र्याच्या डब्यात दोन-तीन आठवडे आरामात राहतात. हा आकडा उचलून आपल्या लेबलवर छापू नका! कोकणातली हवा वेगळी, नागपूरची वेगळी. एका घाण्यातले नग तीन पाकिटांत सील करा. एक पाचव्या दिवशी उघडा, एक दहाव्या, एक पंधराव्या. वास, चव, ओलावा वहीत लिहा. जिथपर्यंत चांगले लागले त्याच्या बरेच दिवस आधीची तारीख लेबलवर घाला.

आणि कुरकुरीत बिस्किटांच्या डब्यात हे ठेवू नका. माक्रोननचा ओलावा त्यांना मऊ करतो. हॅम्पर करत असाल तर याचं पाकीट वेगळं.

आता हिशोब

खालचे भाव उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव टाका. पद्धत बघा.

- अंडी 4, प्रत्येकी 7 रुपये: 28
- साखर 200 ग्रॅम: 9
- डेसिकेटेड 200 ग्रॅम, 350 रुपये किलोने: 70
- व्हॅनिला, लिंबू वगैरे: 5
- वीज, दीड युनिट: 12
- 12 नगांचे 3 बॉक्स, प्रत्येकी 20 रुपये: 60
- तुमचा वेळ, दीड तास, तासाला 100 रुपये: 150

एकूण 334. म्हणजे एका बॉक्सला साधारण 111 रुपये. तुटलेले, करपलेले, चाखायला दिलेले यांची 10 टक्के तूट धरली की 122.

माझ्या क्लासमध्ये दहातल्या आठ जणी शेवटची ओळ लिहीतच नाहीत. "वेळ काय, घरीच तर असते मी." ताई, तुम्ही घरी असता म्हणून तुमचा वेळ फुकट होत नाही. उद्या मदतीला बाई ठेवली तर ती फुकट येणार आहे का?

पुढचं बघा. बॉक्सची किंमत 170 ठेवली आणि तो एखाद्या दुकानात विकायला ठेवला. दुकानदाराचे 25 टक्के गेले की तुमच्या हातात येतात 127 रुपये 50 पैसे. नफा साडेपाच रुपये! एक बॉक्स पडून राहिला तर वीस-बावीस बॉक्सचा नफा गेला. तोच 200 ला ठेवला तर हातात 150, नफा 28. म्हणून आधी ठरवा, थेट गिऱ्हाईकाला विकणार की दुकानातून. किंमत त्यावरून ठरते.

पिवळ्याचं काय केलं?

दोन वर्षांपूर्वी मला पहिली मोठी ऑर्डर आली. नाताळ आणि नवीन वर्षाच्या भेटीसाठी एका ऑफिसला 40 बॉक्स हवे होते. एका घाण्यात 3 बॉक्स, म्हणजे 14 घाणे, 56 अंडी. मी आनंदाने हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी रात्री फ्रीजमध्ये 56 अंड्यांचं पिवळं माझ्याकडे बघत होतं.

घरात कॅरॅमल कस्टर्ड झालं, शेजारी गेलं, पुन्हा कस्टर्ड झालं. नवरा म्हणाला, "आता मला दूधसुद्धा पिवळं दिसतंय." शेवटी अर्धं फेकून दिलं. रुपयांत बघाल तर नुकसान फार नव्हतं. पण फेकताना मला बहिणीचं वाक्य आठवलं, "पिवळं आधीच वापरून झालेलं असतं." मी पदार्थ उचलला होता, त्याच्यामागचा हिशोब तिकडेच राहिला होता.

उत्तर तासाभराच्या रस्त्यावर होतं. गोव्यात नाताळला बेबिंका होतोच. नारळाचं दूध, मैदा, साखर, तूप आणि भरपूर पिवळं. एकेक थर भाजत जायचा, वेळखाऊ काम. म्हणजे ज्या महिन्यात मला पांढरं लागतं, त्याच महिन्यात बेबिंका करणाऱ्या बाईकडे पांढरं उरतं! मागच्या वर्षी अशा एका ताईंशी बोलणं केलं. त्यांचीही अन्न परवान्याची नोंदणी आहे. त्या पांढरं बंद डब्यात, बर्फाच्या पेटीत, त्याच दिवशी पाठवतात. मी ठरलेल्या भावाने पैसे देते, फुकट घेत नाही. जास्त आलं तर वजन आणि तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवते, पांढरं गोठवून चांगलं राहतं.

तुमच्याजवळ बेबिंकावाली नसेल, तर तुम्हीच पिवळ्याचा एक पदार्थ जोडीला ठेवा. पिवळं घातलेली लोण्याची बिस्किटं हा सोपा पर्याय. हॅम्परमध्ये दोन प्रकार झाले, अंडं पूर्ण वापरलं गेलं.

आणि ती दुसरी चूक

आता जी गोष्ट व्हिडिओत सांगितली नाही ती.

त्या 40 बॉक्सवर मी सुंदर लेबल छापलं होतं. "नारळाचे जर्मन मॅकरून", खाली माझ्या ब्रँडचं नाव, फोन नंबर. बस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका काकींचा फोन आला. त्यांच्या सुनेला ऑफिसमधून बॉक्स मिळाला होता. काकी म्हणाल्या, "तुझी नारळाची वडी खूप आवडली. आमच्याकडे सगळ्यांनी खाल्ली. कृती सांगशील?"

वडी. त्यांनी ती वडी समजून खाल्ली होती. पांढरी, नारळाची, अंड्याचा वास नाही. आणि बोलता बोलता म्हणाल्या की त्या माळकरी आहेत.

मी फोन कानाला लावून उभी राहिले. कृतीतून अंडं गाळून सांगणं अगदी सोपं होतं. काकींना कधी कळलंही नसतं. पण त्या घरी करून बघणार, जमणार नाही, पुन्हा फोन करणार, किंवा बाहेरून कधीतरी कळणार. आणि समजा कधीच कळलं नसतं, तरी मला माहीत होतं. मी सांगितलं, "काकी, यात अंड्याचा पांढरा भाग असतो. मी लेबलवर लिहायला हवं होतं. माझी चूक झाली."

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग त्या एवढंच म्हणाल्या, "आदी सांगूक व्हया होता गो." आणि फोन ठेवला.

मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, पण पहिल्यासारख्या बोलल्या नाहीत. त्या ऑफिसची ऑर्डर पुढच्या वर्षी आली नाही. मी विचारलंही नाही.

तिकडे माक्रोनन म्हटलं की त्यात अंडं आहे हे गिऱ्हाईकाला माहीत असतं. आपल्याकडे नारळाचा पांढरा गोळा म्हणजे वडी किंवा लाडू, शुद्ध शाकाहारी, हेच डोक्यात येतं. पदार्थ दुसऱ्या देशातून आणला की गिऱ्हाईकाला काय माहीत नाही, हे शोधणं आपलं काम. कायद्यानेही अंडं असलेल्या पाकीटबंद पदार्थावर मांसाहाराचं चिन्ह लागतं, म्हणजे तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण "माहीत नव्हतं" हे उत्तर काकींना देता येत नाही.

आता माझ्या बॉक्सवर समोरच चिन्ह आहे, आणि नावाखाली ठळक मराठीत लिहिलंय: "यात अंड्याचा पांढरा भाग आहे." ते वाचून काही जण बॉक्स खाली ठेवतात. ठेवू देत.

"ताई, एगलेस करता येतील का?" कंडेन्स्ड मिल्क आणि डेसिकेटेड मिसळून भाजलं तर चांगला पदार्थ होतो. जरूर करा, विका. काबुली चणे उकडलेलं घट्ट पाणी फेटूनही काही जण करतात, पण त्याच्या चाचण्या तुम्हाला स्वतः घ्याव्या लागतील. फक्त अंड्याचे आणि बिनअंड्याचे नग एकाच ट्रेवर, एकाच भांड्यात करू नका. आणि दोघांचे बॉक्स लांबूनही वेगळे ओळखू येतील असे ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

1. एकच घाणा करा. प्रत्येक गोष्ट तोलून, वेळ लावून.
2. तुमच्या गावच्या भावाने वरचा तक्ता पुन्हा लिहा. वेळेची ओळ गाळायची नाही.
3. पिवळं कुठे जाणार ते घाणा करायच्या आधी लिहा.
4. लेबलचा कच्चा मसुदा हाताने काढा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला वाचायला द्या. मग विचारा, "यात काय काय आहे?" त्यांना अंडं सांगता आलं, तरच छापायला टाका.

विक्री सुरू करायच्या आधी अन्न परवान्याची नोंदणी करा, घरून विकत असलात तरी लागते. ती कशी करायची त्यावर पुढचा व्हिडिओ आहे. तोपर्यंत ओव्हन तापवा!